खिशातला रेकॉर्डर आणि बाहेरचा माइक

तळहातावर मावणारा, दोन पेन्सिल-सेलांवर दिवसभर चालणारा आणि एके काळी नभोवाणी केंद्राच्या खोलीभर यंत्रसामग्रीलाच साधत असे तेवढा स्वच्छ आवाज टिपणारा रेकॉर्डर आता सामान्य विद्यार्थ्याच्याही आटोक्यात आला असल्यामुळे, लोकगीतांचे अभ्यासक, पक्षिनिरीक्षक, गावच्या इतिहासाची साधने जमविणारे शिक्षक आणि आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून ठेवू पाहणारी नातवंडे अशा नाना प्रकारच्या मंडळींच्या खिशात तो दिसू लागला आहे. यंत्र हाती आल्यावर पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग एखाद्या संध्याकाळी हेडफोन लावून शांतपणे ऐकत असता ध्यानात येते की, आजीचा आवाज लांबचा वाटतो, पंख्याचा मात्र जवळचा, आणि या दोहोंच्या मागे एक अखंड सळसळ चालू आहे. तेव्हा मनुष्य बाजारात जाऊन ‘एक चांगला माइक द्या’ असे सांगतो आणि दुकानदार आपल्या धंद्याला अनुसरून त्यातल्या त्यात महाग माइक पुढे करतो. पुढच्या सर्व मनस्तापाचे मूळ येथेच आहे. कारण टिपायचा ध्वनी कोणता, तो किती अंतरावर, त्याच्या शेजारी दुसरे कोणते आवाज नांदत आहेत आणि रेकॉर्डरच्या अंगाला कोणत्या जातीचे छिद्र आहे, या चार बाबींचा खुलासा झाल्यावाचून माइक मागणे म्हणजे पायाचे माप न देता वहाणा मागविणे होय.

या चारही बाबी एकाच ठिकाणी पाहावयाच्या तर जात्यावरच्या ओव्यांहून अधिक बोधप्रद उदाहरण मला दिसत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या दोघा अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील काही भागाचे ध्वनिमुद्रण गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञ संगीत-अभ्यासकाच्या साहाय्याने झाले, आणि तो संग्रह आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेच्या द्वारा कोणालाही ऐकावयास मिळतो. गिरण्या आल्या आणि जाती परसात पालथी पडली हे खरे असले, तरी ज्यांच्या तोंडी पन्नास-शंभर ओव्या अद्याप आहेत अशा सत्तरी ओलांडलेल्या बायका गावोगाव भेटतात, आणि त्यांच्यासमोर रेकॉर्डर घेऊन बसलेला नवखा अभ्यासक ज्या अडचणीत सापडतो ती अडचण निव्वळ भौतिकशास्त्राची असते.

प्रसंग असा असतो. दोन बायका समोरासमोर बसलेल्या, मध्ये जाते, दोघींचा एकेक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने एकजण अधूनमधून वैरण टाकते आहे. ओवी गाताना आवाज चढा लागत नाही, कारण ती श्रोत्यांसाठी गाइलेली नसते. आणि जात्याची घरघर तर गायिकांच्या तोंडापेक्षा पाहुण्याच्या यंत्रालाच अधिक जवळ असते, कारण पाहुण्याने रेकॉर्डर मोठ्या विश्वासाने जमिनीवर, जात्याशेजारी ठेवलेला असतो. जमिनीवर ठेवल्यामुळे जात्याचे हादरे हवेची वाट न पाहता थेट फरशीतून किंवा सारवलेल्या भुईतून यंत्राच्या अंगात शिरतात, हा त्यात आणखी एक उपद्रव. ही घरघर खालच्या पट्टीतली आहे, ती रेकॉर्डरमधील ‘लो कट’ची कळ दाबून छाटता येईल, असे काहीजण म्हणतात. दगडाच्या घरघरीपुरते ते ठीक आहे. परंतु भरडल्या जाणाऱ्या दाण्यांचा चुरचुरीत आवाज वरच्या कंपनसंख्यांपर्यंत, म्हणजे ज्या प्रदेशात स-श-च या व्यंजनांचे वास्तव्य असते तेथपर्यंत, पसरलेला असतो. तो छाटू गेल्यास ओवीचे शब्दही छाटले जातात.

येथे पहिला उपाय माइकचा नसून अंतराचा आहे. उघड्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याची पातळी ६ डेसिबलने उतरते आणि अंतर निम्मे केले की तेवढीच चढते. रेकॉर्डर भुईवर, जात्यापासून ५० सेंटिमीटरवर आणि गायिकेच्या तोंडापासून १ मीटरवर ठेवला, तर नुसत्या मांडणीने आपण जात्याला ६ डेसिबलची खैरात वाटलेली असते. उलट, एक छोटा माइक गायिकेच्या छातीपाशी, तोंडापासून २० सेंटिमीटरवर लावला आणि तेथून जाते ६० सेंटिमीटरवर राहिले, तर ओवीच्या पदरात साडेनऊ डेसिबल पडतात. दोन्ही रकमा एकत्र केल्या म्हणजे साडेपंधरा डेसिबलचा फरक झाला. बंद खोलीत भिंतींवरून येणाऱ्या परावर्तनामुळे हा लाभ काहीसा घटतो हे गृहीत धरूनही, एवढा फरक कोणत्याही किमतीच्या माइकच्या गुणाने पडणारा नाही. रेकॉर्डर एका जागी आणि त्याचा कान दुसऱ्या जागी ठेवता यावा, एवढ्यासाठीच बाहेरचा माइक घ्यावयाचा असतो. पुष्कळ छोट्या रेकॉर्डरांच्या अंगचे माइक मुळात वाईट नसतात. ते जेथे असावयास हवेत तेथे नसतात, इतकेच.

माइक मुळीच नसताना काय होत असे, याची साक्ष आपल्याकडच्या ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासात आहे. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गायिकेचा आवाज एका मोठ्या कर्ण्यात गोळा करून त्याच्याच बळावर सुई हलविण्यात आली होती. विजेचा त्यात संबंध नव्हता. त्यामुळे कर्ण्यात तोंड घालून ताकदीने गाणाराच त्या यंत्राला मानवत असे. १९२५ पासून माइक आणि विद्युत्प्रवर्धक आले, आणि हळुवार स्वरालाही तबकडीवर प्रवेश मिळाला. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या मुद्रिका त्यांच्याच पहिल्या दशकातील मुद्रिकांशेजारी ठेवून ऐकाव्यात. दोहोंमधील अंतराचा मोठा हिस्सा त्या विद्युत्कर्णाचा आहे, आणि तो हिस्सा वजा केल्याशिवाय खाँसाहेबांच्या गायकीत काय पालटले याचा निवाडा करू नये असे माझे मत आहे.

या विद्युत्कर्णाच्या दोन जाती आपल्या कामाच्या. पहिली डायनॅमिक: पातळ पडद्याला चिकटविलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि स्वतःच वीज उत्पन्न करते. रचना दणकट, वरून विजेची मागणी नाही, मोठ्या आवाजाला घाबरत नाही. परंतु उत्पन्न अत्यल्प. दुसरी कंडेन्सर: १९१६ साली ई. सी. वेन्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तयार केलेल्या या प्रकारात एक स्थिर पत्रा आणि त्याच्या समोर केसाहून बारीक फटीपलीकडे ताणलेला पडदा अशी जोडी असते. त्यांच्यावर विद्युत्भार ठेवला की पडद्याच्या कंपनाबरोबर त्यांच्यातील विद्युत्दाब बदलतो. उत्पन्न मोठे, बारकावा उत्तम, पण तो भार टिकविण्यासाठी मोठ्या दाबाची वीज सतत पुरवावी लागे. या अडचणीतून वाट निघाली ती अशी: विशिष्ट पदार्थ विद्युत्क्षेत्रात ठेवून गोठविले असता ते आपल्या अंगात भार कायमचा धरून ठेवतात, हे जपानमधील एगुची याने १९२० च्या सुमारास मेण आणि राळ यांच्या मिश्रणावर दाखविले होते, १९६२ साली बेल प्रयोगशाळेतील जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी मेणाऐवजी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वापरून तोच गुण माइकमध्ये आणला. हाच इलेक्ट्रेट माइक. पापुद्र्यावरचा भार वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे बाहेरून वीज लागते ती केवळ आतल्या इवल्याशा ट्रान्झिस्टरला, आणि तीही दोन-तीन व्होल्टांची. कॉलर माइक म्हणून जे दुकानात मिळतात ते बहुतेक सारे याच घराण्यातले.

आता छिद्राचा मामला. तो दिसावयास क्षुद्र, परंतु नवख्यांचे सर्वांत अधिक पैसे याच ठिकाणी बुडतात. छोट्या रेकॉर्डरला साडेतीन मिलिमीटरचे तोंड असते. त्यातून इलेक्ट्रेटला लागणारी दोन-तीन व्होल्टांची वीज, जिला प्लग-इन पॉवर म्हणतात, यादीतली योग्य ती नोंद चालू केल्यास मिळते. ती बंद ठेवल्यास माइक निर्जीव पडतो आणि मालक दुकानदाराशी भांडावयास जातो. मोठ्या रेकॉर्डरला तीन टाचण्यांचे गोल एक्सएलआर तोंड असते आणि त्यातून ४८ व्होल्टांची फँटम पॉवर मिळते. ही पद्धत १९६६ साली जर्मनीच्या नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी बसविली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. स्टुडिओतला कंडेन्सर माइक या ४८ व्होल्टांवर जगतो. एक्सएलआरची तार साडेतीन मिलिमीटरच्या पिनेत आणून देणारा जोड बाजारात स्वस्तात मिळतो, पण तो केवळ तोंडाचा आकार बदलतो. दोन व्होल्टांचे ४८ करण्याची विद्या त्याच्यापाशी नसते. उलट दिशेने, नाजूक इलेक्ट्रेटला चुकून ४८ व्होल्टांचा प्रसाद मिळाला तर तो कायमचा कामातून जाण्याचा संभव असतो.

दुसरा सापळा याहून बारीक आहे. कॉलर माइक विकत घेताना त्याची पिन उजेडात धरून तिच्यावरील काळ्या रेघा मोजाव्यात. तीन रेघा असतील तर पिनेला चार विभाग आहेत आणि ती मोबाइलसाठी केलेली आहे; तिच्यात माइकची तार अगदी मागच्या विभागाला जोडलेली असते, आणि रेकॉर्डरच्या तोंडात नेमका तोच भाग जमिनीच्या तारेला टेकत असल्यामुळे आवाज उमटतच नाही, किंवा उमटलाच तर पुसटसा. दोन रेघा असल्यास पिन रेकॉर्डरला चालणारी. एकच रेघ असल्यास माइक एकेरी. रेकॉर्डरने जुळवून घेतले नाही तर आवाज डाव्या कानातच येईल आणि उजवा रिता राहील. माइकच्या पेटीवरील इतर सर्व मजकूर अतिशयोक्तीचा असू शकतो, या रेघा मात्र खोटे बोलत नाहीत.

यानंतर सळसळीचा जमाखर्च मांडू. आकड्यांचा कंटाळा असणाऱ्या वाचकाने एवढा परिच्छेद ओलांडण्यास हरकत नाही, परंतु ज्याला पैसे खर्चावयाचे आहेत त्याने तो ओलांडू नये. माहितीपत्रकात माइकची संवेदनक्षमता दर पास्कलला इतके मिलिव्होल्ट अशी दिलेली असते. १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबल, आणि १ मीटरवरून ऐकू येणारे साधे संभाषण साधारण ६० डेसिबलचे, म्हणजे पास्कलच्या पन्नासाव्या हिश्श्याचे. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा गायकांच्या हातातला सुप्रसिद्ध डायनॅमिक माइक दर पास्कलला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. तेव्हा १ मीटरवरच्या बोलण्याचे त्याच्याकडून येणारे उत्पन्न ३७ मायक्रोव्होल्ट. छोट्या रेकॉर्डरच्या प्रवर्धकाची अंगभूत सळसळ ४ मायक्रोव्होल्ट धरली, तर बोलणे सळसळीच्या जेमतेम ९ पट, म्हणजे २० डेसिबलही वर नाही. कान हे सहन करीत नाही. याउलट दर पास्कलला २० मिलिव्होल्ट देणारा इलेक्ट्रेट त्याच ठिकाणी ४०० मायक्रोव्होल्ट देतो आणि बोलणे शंभरपट, ४० डेसिबल, वर राहते. रंगमंचावर नावाजलेला महागडा डायनॅमिक माइक खिशातल्या रेकॉर्डरला लावल्यावर निष्प्रभ का होतो, याचे उत्तर एवढ्या त्रैराशिकात आहे: दोष त्या माइकचाही नाही आणि रेकॉर्डरचाही नाही, दोहोंची गाठ घालणाऱ्याचा आहे.

परंतु इलेक्ट्रेटच्या अंगीही स्वतःची सळसळ असते, आणि तो जितका लहान तितकी ती अधिक. हवेचे रेणू पडद्यावर सतत आदळत असतात आणि इवल्या पडद्यावर त्या आघातांची सरासरी नीट जुळत नाही, हे त्याचे एक कारण. स्वस्त कॉलर माइकची ही अंगची सळसळ २८ डेसिबल असणे अस्वाभाविक नाही. वरच्या हिशेबात ती रेकॉर्डरच्या तोंडाशी १० मायक्रोव्होल्टांची होते, म्हणजे रेकॉर्डरच्या सळसळीच्या अडीचपट. अशा वेळी रेकॉर्डर बदलून महागाचा घेतला तरी कानाला फरक कळणार नाही. उलट १४ डेसिबलचा माइक घेतला तर त्याची सळसळ २ मायक्रोव्होल्टांवर येते आणि मग रेकॉर्डर दोषी ठरतो. तात्पर्य, पैसे टाकण्यापूर्वी दोहोंपैकी अधिक गलका कोण करतो आहे त्याची चौकशी करावी आणि शिक्षा त्यालाच करावी. ओवीसारख्या जवळून टिपावयाच्या आवाजाला २८ डेसिबलही खुशाल चालतात, कारण माइक तोंडापासून १ मीटरवरून पाव मीटरवर आणला की एक दमडीही न खर्चता १२ डेसिबल हाती येतात. पहाटेच्या रानाची शांतता टिपू पाहणाऱ्याला मात्र ते चालणार नाहीत.

माइकच्या श्रवणदिशांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला त्यातील दोनच गोष्टी सांगण्याजोग्या वाटतात. चारही दिशांनी सारखेच ऐकणारा माइक, ज्याला ऑम्नी म्हणतात, तो भोळा समजला जातो. पण वारा, हातातली खुडखुड आणि श्वासाचे फटकारे यांना तोच कमी दाद देतो, आणि तोंडाच्या फार जवळ नेला तरी आवाज घोगरा करीत नाही. समोरचे ऐकून मागचे टाळणारा कार्डिऑइड माइक चतुर खरा, परंतु त्याची चतुराई मांडणीवर अवलंबून असते. ओव्यांच्या प्रसंगी गायिकांच्या डोक्यावर, आढ्याला दोरी बांधून, खाली तोंड केलेला असा माइक टांगण्याची कल्पना सहज सुचते. आता पाहा: त्याचे बहिरे अंग छताकडे, आणि छताने तर कोणताच गलबला केलेला नाही, त्याच्या तोंडासमोर गायिका आहेत आणि त्यांच्या थेट खाली, त्याच रेषेत, जाते. अंतराचा थोडाबहुत लाभ सोडल्यास दिशेचा लाभ शून्य. तोच माइक छातीच्या उंचीवर, बाजूने, वर तोंडाकडे वळवून धरला तर त्याची पाठ जात्याकडे होते आणि तेव्हाच त्याला दिलेले जादा पैसे वसूल होतात. परंतु दोन बायका, दोन तोंडे, सतत पुढे-मागे होणारी डोकी. तेव्हा पुन्हा कॉलर माइकच बरा.

चित्रपटवाल्यांचा लांबट गन माइक पाहून ज्यांना मोह पडतो त्यांनी हे लक्षात ठेवावे की, त्याच्या नळीला बाजूने पाडलेल्या फटींतून शिरणारे ध्वनी एकमेकांना छेदून क्षीण होतात, या तत्त्वावर त्याची एकाग्रता उभी आहे. मैदानात ती टिकते; फरशी घातलेल्या, उघड्या भिंतींच्या आपल्याकडच्या खोलीत मात्र तोच आवाज भिंतीवरून उलटून समोरूनही येत असल्यामुळे नळीचा हिशेब चुकतो आणि बोलणे पोकळ लागते.

पक्ष्यांची गोष्ट निराळी. तेथे जवळ जाण्याचा मार्गच बंद असतो. पक्ष्याच्या आवाजाचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर केले, आणि तो पक्षी होता पिंजऱ्यातला शामा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दाट रानातही राहणारा गोड गळ्याचा रहिवासी. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला यंत्रापाशी आणता येते. रानातल्यासाठी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्रज्ञांनी अन्वस्ताकार तबकडीचा आश्रय घेतला. तबकडीच्या नाभीपाशी माइक ठेवला असता दूरचा आवाज तेथे एकवटतो आणि माइकची व रेकॉर्डरची सळसळ आहे तेथेच राहते. सळसळीवर मात करण्याची यापेक्षा सरळ युक्ती नाही. मर्यादा एवढीच की, तबकडीच्या व्यासापेक्षा लांब असलेल्या ध्वनिलहरींवर तिचा अंमल चालत नाही. ६० सेंटिमीटरच्या तबकडीला ही सरहद्द सुमारे ५७० कंपनांवर येते. शामाची शीळ तिच्या बरीच वर असल्याने उत्तम पकडली जाते. मोठ्या घुबडाचा खर्जातला घुत्कार तिच्या हातून निसटतो.

पावसाळ्याविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण परदेशी माहितीपत्रकांत तो नसतो. कंडेन्सर जातीच्या माइकमधील विद्युत्भार अतिशय उच्च रोधाच्या आधाराने टिकलेला असतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आषाढात हवा ओथंबलेली असताना त्या रोधावर ओलाव्याचा थर बसला की भार पाझरू लागतो आणि माइकमधून तडतड सुरू होते. सेनहायझर कंपनीच्या एमकेएच मालिकेतील माइक उच्च कंपनसंख्येच्या विजेवर चालविलेले असल्यामुळे या व्याधीपासून बरेचसे मुक्त असतात, परंतु त्यांची किंमत आपल्या प्रस्तुत वाचकाच्या कक्षेबाहेरची. त्याने औषधाच्या बाटल्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून न देता घट्ट झाकणाच्या डब्यात माइकसोबत ठेवाव्यात, आणि थंड वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर माइक दमट हवेत उघडू नये. पडद्यावर दव धरते.

वाऱ्याचा बंदोबस्त स्पंजच्या टोपीने होत नाही. स्पंज तोंडाचे फटकारे थोपवितो. खिंडीतला वारा थोपविण्यास लांब कृत्रिम केसांचे टोपडे लागते, ज्याच्या केसांत वाऱ्याची गती जिरते आणि आतली हवा स्तब्ध राहते. कॉलर माइकलाही असे इवलेसे टोपडे मिळते. ते घ्यावेच. कपड्याची सळसळ हा दुसरा शत्रू: सुती पातळावर माइक शांत राहतो, नायलॉनवर कुरकुरतो, आणि गळसरीच्या मण्यांवर आपटला तर पुढचे काहीच ऐकू येत नाही. यास्तव माइक पदराच्या कडेला नुसता अडकवू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कापडी चिकटपट्टीने तो पदराच्या आतील बाजूस बसवावा, तारेचा एक लहानसा वेढा तेथेच चिकटवून ठेवावा म्हणजे ओढ माइकपर्यंत पोहोचत नाही, आणि हे सर्व घरच्या एखाद्या बाईच्या हातून करवून घ्यावे. खुंटा ज्या हाताने ओढला जातो त्याच्या विरुद्ध बाजूस माइक असावा.

ढोल-ताशाच्या पथकासमोर मात्र वरचे सर्व हुकूम उलटतात. तेथे आवाजाची पातळी ११० डेसिबलच्या वर सहज जाते आणि दोन व्होल्टांवर चालणाऱ्या इलेक्ट्रेटचे अंतरंगच गुदमरते. अलीकडच्या काही रेकॉर्डरांत बत्तीस-बिट फ्लोट नावाची सोय असते, तिच्यामुळे पातळी चुकली तरी पुढे सुधारता येते अशी जाहिरात असते आणि ती खरीही आहे. पण जो आवाज माइकमध्येच चेमटला त्याला रेकॉर्डर काय करणार? अशा प्रसंगी तो दणकट, अल्प उत्पन्नाचा डायनॅमिक माइकच कामास येतो, कारण उत्पन्नाची तेथे चिंताच नसते.

ओव्या, मुलाखती, आठवणी यांसाठी माझा निर्णय असा: तारेचे, सर्व दिशांनी ऐकणारे, दोन काळ्या रेघांच्या पिनेचे दोन साधे कॉलर माइक घ्यावेत, आणि दोहोंना डाव्या-उजव्या बाजूंत विभागून एकाच तोंडात नेणारा दुहेरी जोड घ्यावा. एक गायिका डाव्या भागात, दुसरी उजव्या भागात मुद्रित होते. पुढे लिहून काढताना कोणती ओवी कोणाच्या तोंडची हा वाद उरत नाही. मात्र हा जोड हेडफोन वाटून देणारा नको. त्यात दोन्ही आवाज एकत्र कालवले जातात. बिनतारी माइकांची आज चलती आहे, परंतु त्यांची बॅटरी ऐन ओवीत संपते आणि गर्दीत त्यांच्या लहरींवर इतरांची आक्रमणे होतात. एका खोलीत बसून करावयाच्या कामात त्यांची गरज काय, हे मला समजलेले नाही. उरलेले पैसे कान पूर्ण झाकणाऱ्या बऱ्यापैकी हेडफोनात घालावेत, आणि तो मुद्रण चालू असताना डोक्यावर असावा.

आणि दुकानात जाताना आपला रेकॉर्डर, ताजे सेल आणि तो हेडफोन बरोबर न्यावा. दोन माइक एकाच पातळीवर, एकाच अंतरावरून, अर्धा-अर्धा मिनिट मुद्रित करून तेथेच ऐकावेत. आधी बोलणे ऐकावे, मग बोलणे थांबल्यावरची सळसळ ऐकावी. जो दुकानदार याला राजी होणार नाही त्याच्याकडून माइक घेऊ नये.